पेस्ट केलं की भाऊ बोलायचा

फोन उचलला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, पेस्ट होईना." नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. मी कर्नाटकात, औरादला बसतो, पण फोन कधी बिदरहून येतो, कधी हुमनाबादहून, कधी पार आळंद तालुक्यातून. कुणी कन्नडमध्ये सांगतं, कुणी मराठीत, कुणी दखनीत, आणि घाईला आलेला माणूस तिन्ही भाषा एकाच वाक्यात कोंबतो. दुखणं मात्र सगळ्यांचं एकच. कॉपी केलंय, पेस्ट होत नाही. किंवा होतंय ते भलतंच होतंय.

संगणक दुरुस्तीचा धंदा म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस स्क्रू घेऊन आत शिरत असेल. स्क्रू मी महिन्यात एखाद्या वेळी उघडतो. बाकी सगळं काम म्हणजे माणसानं काय केलं हे त्याच्याकडून काढून घेणं, आणि ते काढून घेणं डॉक्टरपेक्षा अवघड. डॉक्टरला निदान पोट दाबून तरी बघता येतं. माझं गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "मी कशालाच हात लावला न्हाई, आपोआप झालं."

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉपी म्हणजे संगणकानं एखादी गोष्ट मुठीत धरणं. पेस्ट म्हणजे तुम्ही सांगाल तिथं मूठ उघडणं. मुठीत एका वेळी एकच गोष्ट मावते. नवी धरली की जुनी सुटते. एवढाच सगळा प्रकार आहे, आणि एवढ्यावर माझं घर चाललं.

एका आडत दुकानात पेस्टचं बटण दाबूनही काहीच उमटत नव्हतं. मालकानं मला बोलवण्याआधी दोन संगणक बदलले होते, कीबोर्ड मात्र जुनाच ठेवला होता, कारण तो 'हाताला बसलाय'. मी कीबोर्ड उपडा केला आणि टेबलावर आपटला. तुरीची डाळ पडली. एक अख्खी पाकळी बटणाखाली जाऊन बसली होती. मालक म्हणाला, "आमच्याच मालानं आमाला खाल्लं बगा." मी ती डाळ त्याच्या हातावर ठेवली आणि बाहेर पडेपर्यंत हसू दाबून धरलं. एका देवस्थान कमिटीच्या चिटणिसांकडे उलटं होतं. दाबलं नाही तरी पेस्ट होतच राहायचं, पानंच्या पानं भरायची. पंचांग कीबोर्डच्या कोपऱ्यावर ठेवायची त्यांची सवय होती.

अशी हसण्यासारखी कामं पुष्कळ झाली. पण खरं सांगायचं तर लक्षात राहिली ती दुसरी.

औरादच्या एका निवृत्त मास्तरांनी फोनमधले बायकोचे फोटो संगणकात घ्यायला घेतले. बाई नुकत्याच गेल्या होत्या. मास्तरांनी कॉपी न करता कट केलं. कट म्हणजे इथून उचलून तिथं ठेवणं, मागं काही उरत नाही. मध्येच वीज गेली. काही फोटो फोनमधून निघाले होते आणि संगणकात नीट पोचले नव्हते. मी बरीच खटपट केली. काही परत आणले, पण कसे, तर वर कपाळ आणि डोळे, आणि ओठांपासून खाली नुसता राखाडी पट्टा. मास्तर म्हणाले, "असू द्या, ओळखू येतीय की." तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगत सुटलो की कट करू नका बाबांनो, कॉपी करा. लोक मला त्यावरून चिडवतात. चिडवू देत.

आता मन्नाएखेळ्ळी गावचं सांगतो.

तिथं हायवेला लागून एक ऑनलाइन अर्ज भरून देणारं दुकान आहे. दाखले, उतारे, परीक्षेचे फॉर्म, सगळं तिथं होतं. दुकान टाकलं राजकुमारनं. मराठी घर, थोडी शेती, पुढं दुकान आणि मागं राहती जागा. पोरगा हुशार होता, संगणक घेतानाही माझाच सल्ला घेतला होता. तो हायवेवरच गेला. बिदरहून मोटरसायकलवर घरी येत होता, गाव समोर दिसत असताना मागून ट्रक आला. मागं म्हातारी आई, धाकटा भाऊ दिगंबर, बायको सुरेखा आणि शाळेत जायला लागलेली एक मुलगी. दुकान दिगंबर बघू लागला.

त्याचा फोन आला तेव्हा तो 'पेस्ट होईना' म्हणाला नाही. म्हणाला, "सर, तुम्ही एकदा यिऊन जावा. दादा बोलायलाय."

मला आधी समजलंच नाही. मग त्यानं सांगितलं. गिऱ्हाइकाचं नाव कॉपी करावं, अर्जात पेस्ट करावं, तर नावाच्या जागी राजकुमारचे शब्द उमटायचे. 'चहा ठेव. यायलोय.' दरवेळी नाही, पण दिवसातून अनेकदा. एका बाईच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाच्या रकान्यात हेच छापून गेलं आणि अर्ज परत आला. राजकुमारनं शेवटच्या दिवशी बिदरहून निघताना सुरेखाला पाठवलेला हा मेसेज. गावात सगळ्यांना तो ठाऊक होता, कारण प्रेत घरी आलं तेव्हा ती तेच म्हणून रडत होती.

"आई म्हन्ती भानामती हाय," दिगंबर म्हणाला.

हा शब्द आमच्या भागात हसण्यावारी नेण्याचा नाही. दांडीवरचे कपडे पेटणं, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठणं, बाया कुत्र्यासारख्या भुंकणं, हे सगळं मी लहानपणी ऐकत आलोय, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुठल्या तरी एका बाईला मार बसल्याचंही ऐकत आलोय. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव मांजरा नदीत सोडले आणि त्यांच्याबरोबर हेही सोडलं. त्यामुळे माझा संताप होतो. मी विचारलं, "कुणावर आळ घ्यायलेत?"

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "वहिनीवर. आई म्हन्ती, हिनंच धरून ठिवलंय त्याला, सुटू देईना. अमावस्येला एका मांत्रिकाकडं न्यायचं ठरलंय. तिथून तिला खजुरीला, म्हायेरी. पोरगी आमच्यापाशी ऱ्हाईल."

"आन् तुला काय वाटतंय?"

"मला भ्या वाटायलंय सर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मोटरसायकल काढली. दुकानात पोचलो तर म्हातारी दारातच बसून होती. तिनं नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर चहा आला तो मला कागदी कपात आणि दिगंबरला स्टीलच्या. याची मला सवय आहे. चहा प्यायलो आणि कामाला लागलो.

बराच वेळ काहीच झालं नाही. मी कॉपी करायचो, पेस्ट करायचो, सगळं नीट. दिगंबर ओशाळला. आणि मग एका पत्त्याच्या जागी ते आलं. 'चहा ठेव. यायलोय.' मी या धंद्यात केस पांढरे केलेत, पण अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? दिगंबर खुर्चीवरून उठून भिंतीला टेकला.

मी आधी कीबोर्ड बदलला. तरी आलं. मग इंटरनेटची वायर काढली. येणं थांबलं. कितीही वेळा करून बघितलं, थांबलेलंच. वायर लावली, थोड्या वेळानं पुन्हा आलं. तेव्हा मला कळलं. आतून काही येत नव्हतं. बाहेरून येत होतं.

हल्लीच्या संगणकात एक सोय असते. फोन आणि संगणक एकाच खात्यानं उघडले आणि ती सोय चालू केली की दोघांची मूठ एक होते. फोनवर कॉपी केलेलं संगणकावर पेस्ट होतं. जेवताना घरातल्या फोनवर काही मजकूर घेऊन ठेवावा आणि दुकानात येऊन उतरवावा, म्हणून राजकुमारनं ती स्वतःच लावून घेतली असणार. कामाचा पोरगा होता.

"दादाच्या खात्यावरचा फोन घरात कुणापाशी हाय?" मी विचारलं.

दिगंबरचा चेहरा उतरला. "वहिनीपाशी. दादानंच तिला दिलता."

इथं मला ती सोय गुपचूप बंद करून, कीबोर्ड खराब होता म्हणून सांगून निघता आलं असतं. पण मी हा भाग ओळखतो. येणं नुसतं थांबलं असतं तर म्हातारी म्हणाली असती की बाहेरचा माणूस आल्यावर सून भ्याली, तिनं आवरतं घेतलं. अमावस्या टळली नसती. म्हणून मी म्हटलं, सगळ्यांना इथं बोलवा.

सुरेखा आतून आली. नवरा गेल्यापासून तिला दुकानात पाऊल टाकू दिलेलं नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मुलगी तिच्या पदराला. मी म्हटलं, "अक्का, भिऊ नका. हा फोन घिऊन तुम्ही दिवसभर काय करता तेवढं मला दाखवा."

तिनं सासूकडे बघितलं, मग फोन उघडला. नवऱ्याच्या मेसेजवर बोट दाबून धरलं, वर कॉपीचं चिन्ह आलं, त्यावर टेकवलं. झालं, म्हणाली.

"हे कामून करता?"

"त्येच म्हन्ले होते. कापी केलं की जवळ ऱ्हातंय. पन ऱ्हात न्हाई सर. कापी केलं की हितं अक्षराच्या वर दिसतंय, आन् जरा येळानं जातंय. गेलं की मी परत करते. न्हाईतर पुसून जाईल की."

फोनच्या कीबोर्डवर कॉपी केलेला मजकूर थोडा वेळ वरच्या पट्टीत दिसतो आणि तासाभरानं निघून जातो. मूळ मेसेजला त्यानं काही होत नाही, तो जागच्या जागी असतो. तिला वाटत होतं की पट्टीतून गेलं म्हणजे मेसेजच जायला लागलाय. म्हणून भाकरी थापताना, धुणं धुताना, हात पुसून ती यायची आणि नवऱ्याला पुन्हा धरून ठेवायची. इकडे दिगंबर कुणाचं तरी नाव कॉपी करून पेस्ट करेपर्यंत तिचं बोट पडलेलं असायचं.

मी दिगंबरला म्हटलं, दाब. त्यानं पेस्ट दाबलं. अक्षरं उमटली.

म्हातारी कडाडली, "बगा! हिच्याच हातात हाय! म्या म्हन्लं नव्हतं?"

मी फोन हातात घेतला, माझ्या बोटानं तेच केलं. पुन्हा उमटलं. म्हटलं, "मावशी, माझ्या बी हातात हाय."

ती माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. म्हणाली, "तुमाला बी येतंय व्हय ते?"

माझ्या आडनावाच्या माणसाला ते येत असणारच, असा तिचा अर्थ होता. मी राग गिळला. दिगंबरच्या बोटानं करून दाखवलं. ती म्हणाली, तो तिचा दीर, त्यालाही तिनं धरलं असेल. शेवटी मी म्हटलं, "मावशी, तुमचं बोट द्या."

ती देईना. दिगंबर म्हणाला, "दे आई." तिनं हात पुढं केला. मी फोन तिच्यासमोर धरला आणि तिचं बोट मेसेजवर टेकवलं, मग चिन्हावर. दिगंबरनं पेस्ट दाबलं.

"काय निगालं रं?" म्हातारीला वाचता येत नव्हतं.

"तेच, आई."

"वाच."

"चहा ठेव. यायलोय."

दिगंबरचा आवाज थोरल्यासारखाच आहे, हे मला तेव्हा जाणवलं. म्हातारीनं डोळे मिटले. आपलं बोट दुसऱ्या हातात धरून ती बसून राहिली. मी सांगितलं, "राजकुमारनंच लावलं होतं हे, कामाच्या सोयीसाठी. ज्याचं बोट पडेल त्याच्यानं निघतंय. तुमच्यानं बी निघालं. कुनी कुनाला धरून ठिवलं न्हाई."

मग दिगंबर म्हणाला, "आई, अमावस्येचं रद्द. मी त्यांना फोन करतो." म्हातारीनं मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, कळलं नाही, पण तो फोन करायला बाहेर गेला.

मी संगणकाकडे वळलो. "आता हे बंद करतो," म्हटलं.

"न्हाई केलं बंद तर चालत न्हाई का सर?"

सुरेखा बोलत होती. इतका वेळ चौकटीला धरून उभी असलेली ती आत आली होती आणि संगणकाच्या पडद्यावर हात ठेवून उभी होती.

"अक्का, कुनाच्या बी कागदावर छापून जायलंय ते."

"मला काय ठाव होतं हितं निगायलंय म्हून? भावजी वरडायचे, दादा आला, दादा आला, तवा मला वाटायचं ते खरंच यायलेत. आत्याबाई मारायच्या. मारू द्या म्हनायची मी. ते येतेत न्हवं? न्या मला कुटं न्यायचं तितं. पन हे चालू ऱ्हाऊ द्या."

"अक्का, ते तुमच्याच बोटानं यायलंय."

"आत्ता कळलं की," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तवा."

मी ती सोय बंद केली. दोन बटणांचं काम. दिगंबर फोन करून आत आला, त्याला कॉपी-पेस्ट करून बघायला लावलं. गिऱ्हाइकाचं नाव कॉपी केलं, गिऱ्हाइकाचंच नाव आलं. तो सुटलेल्या माणसासारखा हसला. मग त्यानं आणखी दोनदा करून बघितलं आणि हसणं थांबलं.

मी सामान आवरत होतो. म्हातारी उठली, टेबलावरचा फोन उचलला आणि कनवटीला खोचला.

"आई, तो वहिनीचा हाय," दिगंबर म्हणाला.

"तिनं लई दिस ठिवला. आता माझ्यापाशी ऱ्हाईल." आणि त्याला म्हणाली, "दिगू, जेवल्यावर मला वाचून दाखव."

मी मध्ये पडलो. म्हटलं, मावशी, तुम्हाला त्यातला मेसेज दिगंबरच्या फोनवर घेऊन देतो, हा तिचा तिला द्या. म्हातारी म्हणाली, "माझा ल्योक हाय त्यात." तिच्या तोंडावर मघाचा कडवटपणा नव्हता. म्हातारं माणूस नुसतं रडवेलं झालं होतं, आणि त्या तोंडाला काही बोलायला माझी जीभ उचलेना. दिगंबर खाली मान घालून उभा. सुरेखानं फोनसाठी हात पुढं केला नाही. मांत्रिक टळला होता, पोरगी पदराला होती. आणखी काही मागायची तिची हिंमत नसावी.

मला सुचलं ते मी केलं. मेसेजचे ते शब्द अगोदरच संगणकावर उतरले होते. मोठ्या अक्षरात घेतले, चांगल्या जाड कागदावर छापले. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलोय की संगणकातली नक्कल आणि अस्सल यांत तसूभरही फरक नसतो. अगदी खरं आहे ते. कागद मी सुरेखाच्या हातात दिला. म्हटलं, "हा पुसून जायचा न्हाई."

तिनं तो नीट बघितला. उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"ह्यात त्येंचा फोटू न्हाई," ती म्हणाली. "टाइम न्हाई. फोनात बाजूला बारका फोटू यायचा, खाली टाइम यायचा. पाच वाजून गेलते." मग कागद माझ्याकडे परत धरला. "हे कुनीबी लिहील सर."

मी तो घडी करून खिशात घातला. मुलीनं तिचा पदर ओढला, ती आत गेली. मी मोटरसायकल चालू केली तेव्हा दुकानात पुढचं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं आणि दिगंबर त्याचं नाव विचारत होता.

सुरेखा त्याच घरात आहे, मुलगी तिच्यापाशी आहे. मी गेलो होतो ते एवढ्यासाठीच, असं मी स्वतःला बजावतो. दिगंबरचा फोन अधूनमधून येतो, प्रिंटरचं काही असलं तर. मी विचारतो, वहिनीला फोन दिला का? तो म्हणतो, "आई देईना सर."